बोटीच्या मोटरीचा तेल-इशारा : नुसता भोंगा वाजला म्हणून भागत नाही

कारागीर बांधवांनो, आपल्या शहरात इंजिन उघडणारे हात कमी नाहीत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा यांच्या दुरुस्तीवर आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे उभी राहिली. पुढे जनरेटर आले, पाण्याचे पंप आले, गवत कापण्याची यंत्रे आली. जे इंजिन समोर आले ते आपल्या मिस्त्री लोकांनी शिकून घेतले. मात्र एक काम असे आहे की ते समोर आले की पुष्कळ जण मान हलवून परत पाठवतात. ते म्हणजे बोटीला मागून अडकवायची मोटर, जिला आउटबोर्ड म्हणतात.

कोणी म्हणेल, समुद्र आपल्यापासून किती दूर, आपल्याला बोटीच्या मोटरीशी काय करायचे? पण पैठणचा नाथसागर आपल्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे आणि मागे पसरलेले अफाट पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठण शहराच्या सखल भागात पूर आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा अनेक गावांतून माणसे बोटीने बाहेर काढावी लागली. अशा वेळी रबरी बोटीच्या मागे जी मोटर असते ती हीच. वर्षातले अकरा महिने ती गोदामात पडून असते आणि बाराव्या महिन्यात तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तिची देखभाल कोणीतरी करायलाच हवी आणि ते काम आपल्या जिल्ह्यात व्हायला हवे.

या मोटरीतील एक लहानसा भाग आज आपण शिकू. तेल कमी झाले की भोंगा वाजवून सावध करणारी जी व्यवस्था असते, ती नीट चालते की नाही हे कसे तपासावे, एवढाच आजचा धडा आहे.

आमची चूक

आधी आमची स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याचे नुकसान टळत असेल तर आपली फजिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी गोदाकाठचा एक ग्राहक चाळीस हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर घेऊन आमच्याकडे आला. पावसाळा तोंडावर होता. तो म्हणाला, "मिस्त्री, सगळी सर्व्हिसिंग करा आणि तेलाचा तो भोंगा वाजतो का तेवढे बघून द्या." आम्ही प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा नवा टाकला. मग किल्ली चालू केली, तेलाच्या टाकीवरून येणारी तार काढून इंजिनच्या अंगाला टेकवली. भोंगा खणखणीत वाजला. आम्ही म्हणालो, "चाचा, भोंगा ओके आहे." त्यांनी पैसे दिले, आम्ही घेतले.

दीड महिन्याने निरोप आला की मोटर भर पाण्यात जाम झाली. बोटीत चार माणसे होती. प्रवाहाने बोट वाहत जाऊन बुडालेल्या बाभळीत अडकली म्हणून बरे झाले, वल्ह्याने रेटत ती माणसे कशीबशी काठाला आली. मोटर उघडली तर वरच्या सिलिंडरचा पिस्टन घासून चिकटला होता. तेलाची टाकी जवळजवळ कोरडी होती आणि भोंगा एकदाही वाजला नव्हता.

आम्ही टाकीतला तेल-मापक बाहेर काढला. त्याचा तरंगा, म्हणजे फ्लोट, वरच्या टोकाला चिकटून बसला होता. जुन्या तेलात वेगळ्या जातीचे तेल मिसळले गेले होते. दोन्ही मिळून लाखेसारखा चिकट थर जमला होता. तेल खाली जात राहिले आणि तरंगा वरच राहिला. त्यामुळे टाकी भरलेली आहे असेच भोंग्याला वाटत राहिले.

ग्राहक आम्हाला काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही ओके म्हणालात म्हणून आम्ही टाकी उघडून पाहिली नाही." ते वाक्य आजही आमच्या कानात आहे. पिस्टन, रिंगा आणि मजुरी आम्ही पदरची घातली. आम्ही भोंगा तपासला होता, इशारा तपासला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा आम्हाला कळले.

तेल कसे जाते ते समजून घ्या

ज्यांनी जुनी लँब्रेटा, बजाज किंवा राजदूत चालवली आहे त्यांना टू-स्ट्रोक इंजिन नवे नाही. या इंजिनाच्या तळाला फोर-स्ट्रोकसारखा तेलाचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे तेल आत जाते तेच बेअरिंग, पिस्टन आणि रिंगांना ओलावा देते आणि मग जळून जाते. म्हणजे तेल सतत नवे यावे लागते. ते थांबले की इंजिन थोड्याच वेळात कोरडे पडते. मग पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो.

तेल देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची. बहुतेक लहान आउटबोर्ड मोटरींत ५०:१ हे प्रमाण असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मि.ली. तेल. अशा मोटरीत तेलाची वेगळी टाकी नाही आणि तेलाचा भोंगाही नाही. तिथे मिसळणाऱ्याची शुद्ध हाच इशारा!

दुसरी पद्धत वेगळ्या टाकीची. तेलाची टाकी वेगळी असते. इंजिनावर चालणारा छोटा पंप ते तेल मोजून आत पाठवतो. ॲक्सिलरेटर जसा वाढेल तसे पंपाची दांडी फिरून तेलही वाढते. यामाहाने ही पद्धत १९६४ साली आपल्या मोटारसायकलीवर ऑटोल्यूब या नावाने आणली. आपल्याकडे कायनेटिक होंडा ज्यांनी उघडली आहे त्यांनी तेलाची वेगळी टाकी आणि पंप पाहिलेला आहे. बोटीच्या मोटरीत जॉन्सन-एव्हिनरूड कंपनीने १९८४ मध्ये अशी व्यवस्था आणली. मोठ्या मोटरीत कधी एक टाकी बोटीत आणि दुसरी लहान टाकी इंजिनावर असते.

या दुसऱ्या पद्धतीत सोय मोठी आहे, पण धोकाही तेवढाच मोठा. मिसळण्याचे काम माणसाच्या हातून गेले, म्हणून तेलाची आठवणही गेली. ती आठवण करून देण्यासाठीच भोंगा बसवला आहे.

इशाऱ्याची साखळी

ही व्यवस्था पाच कड्यांची साखळी आहे असे समजा.

पहिली कडी तरंगा. तो तेलावर तरंगतो आणि तेलाबरोबर खाली येतो. त्यात लहानसे चुंबक असते.

दुसरी कडी स्विच. तरंग्याच्या दांडीत काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्या असतात. चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात आणि वीज वाहू लागते.

तिसरी कडी तारा आणि त्यांचे जोड. पाणी, ओल आणि गंज यांचा पहिला हल्ला इथेच होतो.

चौथी कडी इलेक्ट्रॉनिक डबी. ही सर्व मोटरींत नसते. मर्क्युरीच्या काही जुन्या टू-स्ट्रोक मोटरींत ही डबी तेलाच्या पातळीबरोबरच पंप फिरतो की नाही यावरही लक्ष ठेवते.

पाचवी कडी भोंगा किंवा बझर आणि काही मोटरींत दिवे. भोंगा बहुधा मोटरीवर नसून चालकाजवळच्या कंट्रोल बॉक्सपाशी असतो. साध्या रचनेत त्याला किल्लीतून बॅटरीची धन बाजू मिळते आणि ऋण बाजू स्विचमधून पूर्ण होते.

आता आमची चूक पाहा. आम्ही तार इंजिनाला टेकवली तेव्हा तारा आणि भोंगा या शेवटच्या कड्या तपासल्या गेल्या. तरंगा आणि स्विच या पहिल्या दोन कड्या तशाच राहिल्या. दगा पहिल्याच कडीने दिला.

तपासणीपूर्वीची तयारी

एक : कंपनीचे पुस्तक मिळवा. ग्राहकाकडे नसेल तर मोटरीच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचे पुस्तक मागवा. तारांचे रंग व भोंग्याची पद्धत कंपनीगणिक आणि सालागणिक बदलते. जॉन्सन, एव्हिनरूड आणि मर्क्युरीत भोंग्याकडे जाणारी तार बहुधा फिक्या तपकिरी रंगाची असते, पण केवळ रंगावर विसंबू नका.

दोन : बॅटरी पूर्ण चार्ज असावी. मोटर बंद असताना मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर यायला हवे. मरगळलेल्या बॅटरीवर घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे.

तीन : मोटर कोरडी चालवू नका. बोटीच्या मोटरीला बाहेरचे पाणीच थंड करते. पाणी नसताना ती चालवली तर पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत खराब होतो. ड्रममध्ये चालवायची असेल तर आधी पाण्याचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून ठेवा. नळाचे पाणी देणारे रबरी कान लावून चालवायची असेल तरी गती अगदी मंद ठेवा.

चार : जागा हवेशीर हवी. पेट्रोलचे डबे दूर ठेवा आणि तारांशी खेळताना विडी-सिगारेट पेटवू नका. मोटर बंद करणारी लाल दोरी जागच्या जागी आहे आणि ओढली की मोटर बंद होते, हे आधी पाहा.

पाच : तेल काढायला स्वच्छ पिचकारी, माप असलेली स्वच्छ बाटली, पुसायला स्वच्छ फडके. तेलात एक कचरा गेला तरी पंपाची बारीक नळी बंद होऊ शकते.

तपासणी, पायरी पायरीने

पहिली पायरी. मोटर बंद ठेवून फक्त किल्ली चालू करा. पुष्कळ मोटरींत या वेळी भोंगा क्षणभर वाजतो किंवा दिवे एकदा लागून विझतात. तसे पुस्तकात लिहिले असेल आणि घडत नसेल तर पुढे जाऊ नका. आधी फ्यूज, बॅटरीची टोके, किल्ली आणि भोंगा पाहा.

दुसरी पायरी. आता भोंगा व तारा. तेल-मापकाचा जोड सोडवा. पुस्तकात पाहून भोंग्याकडे जाणारी तार ओळखा आणि किल्ली चालू ठेवून ती इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. भोंगा वाजला पाहिजे. इथे एक सावधगिरी बाळगा. चुकून बॅटरीच्या धन बाजूची तार टेकवली तर ठिणगी उडेल आणि इलेक्ट्रॉनिक डबी जळेल. म्हणून मधे लहान फ्यूज घातलेली तार वापरा. ज्या मोटरीत डबी आहे तिथे पुस्तकाच्या परवानगीशिवाय हा प्रयोग करू नका. भोंगा वाजला म्हणून खूश होऊ नका. आम्ही इथेच थांबलो होतो.

तिसरी पायरी. स्विच आणि तरंगा. तेल-मापक टाकीतून अलगद बाहेर काढा. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावून दोन्ही टोके जोडा. तरंगा हाताने वर करा, नंतर हळूहळू खाली आणा. पुष्कळ मोटरींत तरंगा वर असताना वीज तुटलेली असते आणि खाली आला की जुळते. काहींत उलट असते, म्हणून पुस्तक पाहा. बदल एकाच जागी, एकदम आणि दरवेळी व्हायला हवा. दहा वेळा करा. नऊ वेळा बरोबर आणि एकदा चूक, तर तो स्विच नापास.

याच वेळी तरंगा दांडीवर विनाअडथळा सरकतो का ते पाहा. चिकटा असेल तर मऊ फडक्याने काढा. काही तरंग्यांचे प्लास्टिक जुने होऊन तेल पिते आणि जड होते. तो तेलात टाकून नीट तरंगतो की नाही हे पाहा. टाकीच्या तळाशी पाणी किंवा गाळ असेल तर टाकी रिकामी करून धुवा.

चौथी पायरी. ही खरी परीक्षा. सर्व जोड पूर्ववत करा, मापक टाकीत बसवा. टाकी पूर्ण भरा आणि किल्ली चालू करा. भोंगा शांत असला पाहिजे. आता पिचकारीने तेल थोडे थोडे काढून मापाच्या बाटलीत टाका. एका क्षणी भोंगा वाजेल. काही डब्या काही सेकंद थांबून मग वाजवतात, म्हणून प्रत्येक वेळी थोडे थांबा. काही मोटरींत इंजिन चालू असल्याशिवाय भोंगा वाजतच नाही. तिथे ड्रममध्ये मंद गतीने चालवून पाहावे लागते.

भोंगा वाजला की किती तेल काढले ते मोजा आणि टाकीत किती उरले ते लिहून ठेवा. हा आकडा पुस्तकाशी ताडून पाहा. टाकी पूर्ण रिकामी करू नका, कारण नळीत हवा शिरते. आता काढलेले तेल गाळून परत टाका. पातळी वर गेली की भोंगा थांबला पाहिजे. सुरू होणे आणि थांबणे, दोन्ही पाहिले तरच परीक्षा पूर्ण.

पाचवी पायरी. तेल इंजिनात पोहोचते का? हे विसरू नका की भोंगा बहुतेक मोटरींत फक्त टाकीतली पातळी सांगतो. टाकी भरलेली आहे, पण नळी पिळली आहे, नळीत हवा आहे किंवा पंपाची दांडी निसटली आहे, तर भोंगा शांत राहील आणि इंजिन जळेल. म्हणून शंका असेल तेव्हा वेगळ्या डब्यात ५०:१ मिसळलेले पेट्रोल घ्या आणि त्यावर मोटर चालवा. टाकीवर पेन्सिलीने तेलाची खूण करा. काही वेळ चालवल्यावर पातळी खूण सोडून खाली आली तर पंप तेल ओढतो आहे. मिसळलेले पेट्रोल असल्याने पंप नापास झाला तरी इंजिन सुरक्षित राहते. पंप उघडला असेल किंवा नळी काढली असेल तर हवा काढायचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल येऊ द्या.

सहावी पायरी. सगळे जोडून झाल्यावर पहिली पायरी पुन्हा करा. पुष्कळदा तपासताना काढलेला जोड बसवायचा राहून जातो आणि तपासणीमुळेच इशारा बंद पडतो.

भोंग्याची भाषा

हा भोंगा तेलासाठीच असतो असे नाही. पुष्कळ मोटरींत तोच भोंगा इंजिन तापल्यावरही वाजतो. मर्क्युरी आणि जॉन्सन-एव्हिनरूडच्या अनेक मॉडेलांत तेल कमी झाल्यावर तो थांबून थांबून वाजतो आणि इंजिन तापले तर सलग वाजतो. यामाहाच्या काही मोठ्या टू-स्ट्रोक मोटरींत हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे असतात. पिवळा म्हणजे बोटीतील टाकी भरा. लाल म्हणजे इंजिनावरील टाकीतही तेल कमी. लाल लागला की बझर वाजतो आणि इंजिनाची गती आपोआप कमी केली जाते.

मोटर परत देताना आपल्या मोटरीची भाषा काय आहे हे ग्राहकाला वाजवून दाखवा. ज्याने तो आवाज कधी ऐकलाच नाही तो भर पुरात भोंगा वाजल्यावर काय समजणार? गती कमी झाली की नवखा चालक उलट ॲक्सिलरेटर पिळतो. त्याला सांगा की ही मोटरीची तक्रार आहे, दुखणे वाढवू नका.

तेल कोणते?

या धंद्यातील एक मोठी चूक म्हणजे स्कूटरचे टू-टी तेल बोटीच्या मोटरीत घालणे. स्कूटरचे इंजिन हवेने थंड होते आणि अधिक तापते. बोटीचे इंजिन पाण्याने थंड राहते. दोघांच्या तेलातील मसाला वेगळा असतो. बोटीच्या टू-स्ट्रोकसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री असे लिहिलेले तेल पाहून घ्या. शहरात लगेच मिळाले नाही तर मुंबई किंवा कोकणातून मागवा, कारण रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना अशा मोटरी आहेत. परंतु "आज हेच चालवून घ्या" असे म्हणू नका. दोन जातींची तेले मिसळल्यावर काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

फोर-स्ट्रोक मोटर आणि आपला जनरेटर

नव्या आउटबोर्ड मोटरी बहुतांश फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत तेल तळात असते आणि पुनःपुन्हा फिरते. तिथे पातळीच्या तरंग्याऐवजी बहुधा तेलाच्या दाबाचा स्विच असतो. दाब नसताना तो जोडलेला असतो आणि इंजिन सुरू होऊन दाब आला की तुटतो. तारेची परीक्षा वरच्यासारखीच. पण स्विचची खरी परीक्षा दाबाचा गेज लावून, कोणत्या दाबाला तो तुटतो हे मीटरवर पाहून करावी. तेलाची पातळी मोटर सरळ उभी आणि थंड असताना दांडीने पाहावी. तिरप्या मोटरीची दांडी खोटे सांगते.

हा धडा बोटीची मोटर कधीच न येणाऱ्या बांधवांच्याही कामाचा आहे. लग्नमंडपात, दुकानात चालणाऱ्या लहान पेट्रोल जनरेटरच्या तळात पुष्कळदा असाच तेलाचा स्विच असतो. तेल कमी झाले की तो ठिणगी बंद करतो आणि इंजिन सुरू होत नाही. मोठ्या डिझेल जनरेटरमध्ये तेलाचा दाब पडला की इंजिन बंद करणारा स्विच असतो.

आणि आपण काय करतो? जनरेटर ऐन कार्यक्रमात बंद पडला, ग्राहक ओरडू लागला, की त्या स्विचची तार तोडून मोकळे होतो. जनरेटर चालू होतो, सगळे वाहवा करतात. ती तार पुन्हा कोणी जोडत नाही. पुढे केव्हातरी तेल खरोखर संपते आणि क्रँक जाम होतो. तेव्हा ग्राहक म्हणतो, माल खराब निघाला. माल खराब नव्हता, त्याची जीभ आपण कापली होती. तार तोडणे भागच पडले तर बिलावर तसे लिहा, मालकाला दाखवा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन जोडून द्या.

बिलावर काय लिहावे?

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे एक नियम झाला. बिलावर "भोंगा ओके" असे लिहायचे नाही. काय केले आणि काय दिसले ते लिहायचे. उदाहरणार्थ : "टाकी पूर्ण भरली. तेल काढत गेलो असता अमुक इतके तेल उरल्यावर भोंगा वाजला. पुन्हा भरल्यावर थांबला. पंप तेल ओढतो हे पाहिले. तारीख, सही." जे तपासले नाही तेही लिहायचे : "पाण्यात पूर्ण गतीवर तपासले नाही."

असे लिहिल्याने गिऱ्हाईक पळते अशी काहींना भीती वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. जो ग्राहक आमच्यामुळे भर पाण्यात अडकला होता तो पुढच्या वर्षी दोन मोटरी घेऊन आला. या खेपेला तेल काढताना त्याने स्वतः बाटली धरली आणि भोंगा वाजला तेव्हा म्हणाला, "हां, आता वाजला!" ग्राहकाने दिलेले यंत्र ही आपल्याकडची अमानत आहे आणि "ओके" हा शब्द ही आपली जबान आहे. ती पाहिल्याशिवाय देऊ नये.

मोटर गोदामात ठेवणाऱ्यांसाठी

ज्यांच्याकडे बचावाच्या बोटी आहेत त्यांना एवढेच सांगावे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी ही सहा पायऱ्यांची तपासणी करून घ्या. तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. उंदीर तारा कुरतडतात, म्हणून मोटर झाकून आणि उभी ठेवा. बोट पाण्यात टाकताना प्रत्येक वेळी टाकीचे झाकण उघडून डोळ्यांनी तेल पाहा. भोंगा माणसाच्या डोळ्यांना मदत करण्यासाठी आहे, डोळे मिटून बसण्यासाठी नाही.

उजळणी

आपल्या दुकानातील नव्या पोरांना हे प्रश्न विचारा.

१. तार इंजिनाला टेकवल्यावर भोंगा वाजला. यावरून काय कळले आणि काय कळले नाही?
२. टाकी भरलेली, भोंगा शांत, तरीही इंजिन तेलावाचून जळू शकते. कसे?
३. पंपाची परीक्षा घेताना पेट्रोलमध्ये तेल का मिसळतात? पाच लिटर पेट्रोलला ५०:१ प्रमाणे किती तेल लागेल?
४. भोंगा सुरू होण्याबरोबरच थांबणेही का पाहावे?
५. ऐन कार्यक्रमात जनरेटरच्या तेल-स्विचची तार तोडावी लागली. त्यानंतर मिस्त्रीची कोणती तीन कर्तव्ये?

तिसऱ्याचे उत्तर १०० मि.ली. बाकीची उत्तरे वर आलेली आहेत. पोराला उत्तर आले की त्याच्या हातात पिचकारी द्या आणि एकदा टाकीतले तेल उतरवून भोंगा त्यालाच वाजवायला लावा. ऐकून शिकलेले विसरते, हाताने केलेले राहते.